मधल्या सुट्टीतली कोंबडी

नमुना

माझ्या धाकटीचा. चौथीत आहे. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांची लघवी तपासते, त्या दिवशी घरचीच आली. मायक्रोस्कोपखाली नुसती पू-पेशींची गर्दी, म्हणजे जंतुसंसर्ग.

"शाळेत पाणी पीत नाहीस का गं?"

"प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"तिथे मेजर असते."

कारण

मेजर म्हणजे नववीतली एक मुलगी. मधल्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहते. लहान मुलींनी कोंबडीसारखं चालून दाखवायचं, मगच आत सोडणार. बाकीच्या हसतात.

एवढं सांगून धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीही नववीत. मेजरच्याच घोळक्यात.

"मी कधी कुणाला अडवलं नाही, आई."

"हसलीस?"

तिने ताट बाजूला सारलं.

इथे एक नोंद हवी, नाहीतर निदान चुकेल. या शाळेत आल्यावर दोन वर्षं थोरली एकटीच डबा खायची. मेजर "ये गं, बस आमच्यात" म्हणाली, त्या दिवशी पोरगी घरी उड्या मारत आली होती. त्या घोळक्याबाहेर तिचं कुणीही नव्हतं.

मी म्हटलं, उद्या शाळेत येते.

"परवा ये. उद्या मला जाऊ दे," थोरली म्हणाली.

निरीक्षण

(मी तिथे नव्हते. धाकटीने घरी करून दाखवलं. दोनदा.)

दारात दुसरीतली एक चिमुरडी.

मेजर म्हणाली, "चल, चाल."

थोरली पुढे झाली. "हिच्या वाटचं मी चालते. तू जा गं आत."

आणि हात काखेत खोचून, कोपरं फडफडवत, मान पुढेमागे करत चालली. सगळ्या खिदळल्या. पुढची मुलगी आली. थोरली परत चालली. मग त्याच्या पुढची. रांग वाढत गेली, थोरली चालत राहिली, खिदळणं विरत गेलं.

"पुरे कर, नाटकी."

"का? तुला तर आवडतं."

"उद्यापासून आमच्यात बसायचं नाही."

"बरं," थोरली म्हणाली, आणि पुढच्या मुलीसाठी चालायला लागली.

सुट्टी संपल्यावर तिने वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं. स्वतःच्या हसण्यासकट.

फेरतपासणी

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "तुमची कोणती? जिला त्रास झाला ती, की देणाऱ्यांतली?"

"दोन्ही. आणि तो बंद पाडणारीसुद्धा माझीच."

आवाज चढला माझा. चढू दे.

आता सुट्टीत बाथरूमसमोरच्या वऱ्हांड्यात आळीपाळीने एक शिक्षिका थांबते. मेजरला शाळेतून काढलं नाही. समुपदेशक बाई तिच्याशी आणि तिच्या आईशी बोलताहेत. धाकटीचं औषध चालू आहे.

शेरा

थोरली पुन्हा एकटी. सोमवारी डबा भरताना मी विचारलं, "कुणाबरोबर बसणार?"

"बघते."

धाकटी बुटाची नाडी बांधत म्हणाली, "आमच्यात ये. पण आमच्यात बोलायला नंबर लागतो."

"मी मोठी आहे ना?"

"असू दे. तुझा शेवटचा."

तेव्हापासून नववीतली एक लंबूटांग मुलगी चौथीच्या घोळक्यात गुडघे पोटाशी घेऊन डबा खाते, आणि नंबर येईपर्यंत गप्प बसते. हे मी लॅबमध्ये येईल त्याला सांगते. काल डॉक्टर कुणाचा तरी रिपोर्ट मागायला आले. म्हटलं, देते, आधी बसा, माझ्या थोरलीचं ऐका.