बाबा वळणारच

बंदराच्या नियंत्रण खोलीत एक पाटी आहे. पडद्याच्या बरोबर वर, नजर उचलली की दिसेल अशी: "आपण माहिती देतो, सल्ला देत नाही." समुद्रात कोण कुठे आहे ते आम्ही जहाजांना सांगायचं, कुणी कुठे वळायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. अकरा वर्षं मी ही पाटी पाळली. नव्या लोकांना ती मीच शिकवते, आणि जरा जास्तच कडक शिकवते असं ते माझ्या पाठीमागे म्हणतात. म्हणू देत.

त्या शनिवारी दुपारी पडद्यावर दोनच ठिपके होते. एक मोठं मालवाहू जहाज, दक्षिणेकडून सरळ वर येणारं. दुसरा ठिपका म्हणजे माझे वडील.

बाबा फेरीबोटीचे कप्तान होते. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, नातवंडांना शाळेत सोडतात. आमच्या बाबांनी सहा मीटरची शिडाची होडी घेतली. दर बुधवारी आणि शनिवारी डब्यात दोन उकडलेली अंडी घेऊन एकटेच निघतात. मी भांडून भांडून होडीवर एक यंत्र बसवून घेतलं. ते दर अर्ध्या मिनिटाला होडीची जागा कळवतं, म्हणून तर ती मला पडद्यावर दिसते. रेडिओही दिला. पण रेडिओ हे महाशय बंद ठेवतात. तासाच्या ठोक्याला लावतात, "सगळं ठीक" एवढं म्हणतात आणि परत बंद. "तीस वर्षं कानाशी किरकिर ऐकली, आता पुरे." मोबाइल तिथे लागत नाही, आणि लागला तरी तो डब्यात अंड्यांशेजारी असतो.

आणखी एक खोड. मोठं जहाज दिसलं की बाबा होडी उलटी फिरवतात आणि त्याला वाट देतात. नियम नेमका उलटा आहे. शिडाच्या होडीने आपली दिशा सोडायची नाही, इंजिनवाल्याने बाजूने जायचं. दोघंही वाट द्यायला गेले की दारात समोरासमोर आलेल्या दोन सभ्य माणसांसारखं होतं, तुम्ही इकडे तर तोही इकडे. फक्त समुद्रात त्याचं कुणाला हसू येत नाही. पण बाबांचा जन्म फेरीबोटीवर गेला, आणि फेरीबोटीने कुणाच्या वाटेत येऊ नये हे त्यांच्या हाडात मुरलंय.

गेल्याच महिन्यात असं करून त्यांनी एका जहाजाला घाम फोडला होता. मी घरी जाऊन तोंड सोडलं. आईसमोर, नवऱ्यासमोर, कुणाची भीड ठेवली नाही.

"नियम काय फक्त दुसऱ्यांसाठी आहेत? तुम्ही वळणार हे समोरच्याला कळणार कसं? सरळ जायचं, बाबा. शब्द द्या मला."

बाबा ताटातलं चिवडत राहिले. मग म्हणाले, "बरं बाई, दिला शब्द."

असे शब्द त्यांनी सिगारेट सोडण्याचे तीनदा दिले होते. मी तो एका कानाने ऐकला आणि दुसऱ्या कानाने सोडून दिला.

तर शनिवारी, तीन वाजून एकोणीस मिनिटांनी, जहाजावर पहाऱ्याला असलेला अधिकारी रेडिओवर आला. आवाज तरुण होता, बोलणं अदबीचं.

"नियंत्रण, माझ्या उजव्या हाताला एक छोटी शिडाची होडी आहे. बघावं तेव्हा त्याच कोनात दिसतेय, आणि अंतर कमी होतंय. रेडिओला उत्तर नाही. काही माहिती मिळेल?"

कोन तोच आणि अंतर कमी, म्हणजे टक्कर. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात. पडद्याने वेळही काढून दिली होती, अकरा मिनिटं. बाबांचा रेडिओ लागायला एक्केचाळीस मिनिटं होती.

"एकच माणूस आहे होडीत," मी म्हटलं. "वय एकाहत्तर. रेडिओ बंद ठेवतो."

"मग मी उजवीकडे वळून त्यांच्या मागून जातो. ते सरळच जातील ना?"

इथे मी होडीची दिशा आणि वेग सांगून गप्प बसायला हवं होतं. पण मला ठिपका दिसतच नव्हता, मला बाबा दिसत होते. मैलभरावर आले की ते पुटपुटणार, होडी उलटी फिरवणार आणि वळलेल्या जहाजाच्या नेमके पुढ्यात जाणार.

"नाही," मी म्हटलं. "ते उलटे फिरतील. तुम्ही वळलात तर तुमच्याच समोर येतील. तुम्ही सरळ या."

"नियमाने मी वळायला हवं, मॅडम."

"नियम मला सांगू नका. माझे वडील आहेत ते. बाबा वळणारच."

तो म्हणाला, "ठीक आहे. सरळ येतो." त्याला हायसं वाटल्याचं कळत होतं. मुलीपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

मग बघत बसण्याशिवाय काही उरलं नाही. अर्ध्या मिनिटाने ठिपका पुढे सरकला. सरळ. आणखी अर्धं मिनिट. सरळ. मैल उरला, मग पाऊण. एरवी बाबांनी इतक्यात दोनदा वाट दिली असती. "वळा ना," मी पडद्याला म्हटलं. "बाबा, वळा ना हो." अर्धा मैल. ठिपका पुन्हा सरळच पुढे आला. बाबा शब्द पाळत होते.

"नियंत्रण, ते वळत नाहीयेत."

"तुम्ही वळा! उजवीकडे, पूर्ण! आत्ता!"

"वळतोय." त्याच्यामागे एकदाच वाजलेला भोंगा मला रेडिओवर ऐकू आला. मी उजवीकडे वळतोय, असा त्याचा अर्थ. पण एवढं जहाज सुकाणू फिरवल्याबरोबर वळत नाही. आधी नुसता विचार केल्यासारखं सरळच जातं. मी खुर्चीतून उठले होते. उठून करणार काय होते? नऊ मैलांवर होते दोघं. माझ्या हातात एक माइक, आणि ज्यांना हाक मारायची त्यांचा रेडिओ बंद.

जहाजाच्या खुणेने होडीचा ठिपका झाकला. जहाज पुढे सरकलं. ठिपका होता तिथेच होता, पण जुना. अर्धं मिनिट गेलं, नवा आला नाही. एक मिनिट गेलं. होडी जवळजवळ थांबली असली तर ते यंत्र तीन मिनिटांनी एकदाच जागा कळवतं, हे मला माहीत होतं. होडी नसलीच तर कळवतच नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. मी आयुष्यात कधी कुणासमोर हात जोडले नाहीत, त्या दीड मिनिटात पडद्यासमोर जोडले.

"नियंत्रण." त्या अधिकाऱ्याचा आवाज फुटला होता. "दिसली. डावीकडे, आमच्या लाटेत. शीड रिकामं फडफडतंय, पण होडी उभी आहे. माणूस बसलेला दिसतोय."

माझ्या जिवात जीव आला. मी खाली बसले. थोड्या वेळाने ठिपकाही आला. आणि तासाचा ठोका नसताना, पहिल्यांदाच, बाबांचा रेडिओ लागला.

"नियंत्रण! कोण आहे ड्यूटीवर? तूच आहेस ना?"

"मीच आहे, बाबा."

"बघितलंस का? मी वळलो नाही! हात नुसते शिवशिवत होते गं. सुकाणू दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे मिटले. म्हटलं, पोरीला शब्द दिलाय. आणि हा गाढव शेवटपर्यंत सरळ! होडीच्या लांबीएवढंसुद्धा अंतर नव्हतं मध्ये. त्याची तक्रार लिहून घे. लिहितेयस ना?"

तो अधिकारी त्याच वाहिनीवर होता. सगळं ऐकत होता. त्याने काही बोलावं म्हणून मी थांबले; खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्यानेच सांगून टाकावं. तो बोलला नाही.

"बाबा, त्याची चूक नाही. तो वळतच होता. मी त्याला सरळ यायला सांगितलं."

"तू? का?"

"मी म्हटलं, बाबा वळणारच."

मग ते बोलले. कप्तानाचा आवाज पार गेला होता, हा घरातला होता.

"म्हणजे मी दिलेला शब्द तू धरलाच नव्हतास."

मी माइकचं बटण दाबलं. तोंडातून काहीच बाहेर येईना. आणि मी बटण दाबून धरलं होतं तोवर त्यांनाही बोलता येत नव्हतं.