पोर कुणावर गेली?

मी बोलतेय या पाळण्यातल्या बाळाच्या आतून. बाळ झोपलंय, तेवढ्यात सांगून घेते. तुमच्या पुस्तकात मला जनुक म्हणतात. मी स्वतःला रंगाची कृती समजते. केसांत, कातडीत, डोळ्यांत रंग कसा तयार करायचा ते माझ्यात लिहिलेलं असतं. फक्त माझ्यात कुठेतरी एक अक्षर चुकलंय, म्हणून माझ्याच्याने रंग होत नाही. ते कुणाच्या काळात चुकलं कोण जाणे. तसंच उतरत आलंय.

आम्ही जोडीने राहतो. एक आईकडची, एक बापाकडची, जणू एकाच जिन्यावरची समोरासमोरची दारं. आणि मला मेलीला पहिल्यापासून शेजारी डोकावायची खोड.

आधी मी या बाळाच्या आजीत होते. तिथली शेजारीण मोठी कामाची. एकटीच दोघींपुरता रंग करायची. अशीला प्रभावी म्हणतात, नि मला अप्रभावी. आजीचे केस काळेभोर, डोळे काळेभोर. मी आत आहे याची कुणाला गंधवार्ता नाही.

आजीला मुलगा व्हायचा होता तेव्हा मी तिथून निघाले. निघताना जोडीतली एकच जाते, आणि कुणी जायचं ते कुणी ठरवत नाही. मुलात मला आजोबांकडची शेजारीण मिळाली. तीही खमकी. मुलगा पुढे आजीसारखाच रंगारी झाला. मागच्या खोलीत उकळत्या कढया, दोरीवर ठिबकणारं सूत, कोपरापर्यंत निळे हात. बाहेर एवढा रंग आणि आत मी अशी, याची मला गंमत वाटायची.

मग त्याचं लग्न झालं. सून सावळी, काळ्या डोळ्यांची. बाळाची चाहूल लागली आणि या खेपेलाही नेमकी मीच निघाले. नवी शेजारीण कशी असेल याची मला कोण उत्सुकता! बघते तर काय, समोरच्या दारात मीच. तेच चुकलेलं अक्षर. ती आईकडून आली होती. तिथेही अशीच कुणाच्या तरी जिवावर आरामात राहिलेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आता रंग करायचा कुणी?

बाळ झालं ते कापसासारख्या केसांचं. पापण्याही पांढऱ्या, डोळे फिकट, उजेड दिसला की मिटणारे. आजी म्हणाली, "हिने रंगच धरला नाही गं." आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला, पोर गेली कुणावर?

आजीने आपल्याकडची माणसं आठवून पाहिली. सगळी काळ्या केसांची. म्हणजे खोट सुनेच्या माहेरची. सून म्हणाली, तिकडेही असं कुणी नाही. त्यावर आजी जे बोलली ते मी सांगणार नाही, पोरीसमोर बरं दिसत नाही. रंगारी मान खाली घालून कढई ढवळत राहिला. सुनेला आजीच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं. तिने पिशवी भरली.

"हिला डॉक्टरांना दाखवते आणि तशीच आईकडे जाते. तुम्हाला यायचं तर या."

रंगारी निघाला. मागोमाग आजीही निघाली, ऐकायला नको का?

डॉक्टरीणबाईंनी बाळाला नीट तपासलं. उन्हात जपायचं, नजर वरचेवर तपासायची, पुढे चष्मा लागेल, बाकी पोर खणखणीत आहे म्हणाल्या. आजीने विचारलंच, "पण ही गेली कुणावर?"

बाईंनी रंगाऱ्याच्या निळ्या हातांकडे पाहिलं. "आजी, रंगाच्या दोन कृती आहेत. त्यातली एक चुकली तर?"

"दुसरीने होतं की."

"आणि दोन्ही चुकल्या तर?"

"मग कापड कोरंच राहणार."

"झालं तर. एक चुकलेली आईकडून आली, एक वडिलांकडून. या दोघांकडे एकेक बरोबरची आहे, म्हणून त्यांचं काही दिसलं नाही."

रंगाऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे माझ्याकडूनही?"

"तुमच्याकडूनही. तुम्हाला ती तुमच्या आईकडून आली असेल, नाहीतर वडिलांकडून."

"ह्यांच्याकडूनच," आजी घाईघाईने म्हणाली. "ह्यांच्याकडचे सगळे तसलेच." आजोबा जाऊन बरीच वर्षं झालीत, नाहीतर त्यांनी उत्तर दिलं असतं. मला मात्र आतल्या आत हसू आवरेना.

पुढच्या बाळाचं काय, असं सुनेने विचारलं. बाई म्हणाल्या, चारांत एक शक्यता असंच होण्याची, आणि दर खेपेला नव्याने तेवढीच. एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही.

बाहेर आल्यावर रंगाऱ्याने तिच्या खांद्यावरची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने पिशवी सोडली नाही. "आधी आईंसमोर बोला."

तो आजीकडे वळला. "आई, तू हिला बोललीस ते खोटं होतं. आणि मी ऐकून घेतलं, ते त्याहून वाईट."

आजीने सुनेकडून बाळ घेतलं. त्याला आपल्या सावलीत धरलं आणि घराकडची वाट धरली. मग सुनेने पिशवी सोडली.

आता बाळ बघायला येणारी माणसं विचारतातच, पोर कुणावर गेली हो? आजी ठसक्यात सांगते, "दोघांवर. निम्मी निम्मी."

तुम्हीही कुणाचं नाक, कुणाचे डोळे असे हिशेब लावत बसता, तेव्हा जे दिसत नाही त्याचीही आठवण ठेवा. तेही कुणीतरी जपून आणलेलं असतं. ही मोठी झाली, हिला मूल व्हावंसं वाटलं, तर आम्हा दोघींतली एक पुढे निघेल. तिथे समोरच्या दारात कोण असेल, याचीच मला आत्तापासून हुरहुर.

जाताना खिडकीचा पडदा तेवढा ओढून घ्या. ऊन पाळण्यावर यायला लागलंय.