बिनसाखरेचा चहा

काकूंच्या चहाला वॉर्डात कुणीच नावं ठेवत नव्हतं, आणि काकूंना नेमकी तीच गोष्ट खटकत होती.

त्यांचं अर्धं आयुष्य एका छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेलं होतं. तिथे चहाला नावं ठेवल्याशिवाय कप खाली ठेवायचा नाही, असा जणू नियमच होता. एकाला चहा पाणचट लागे, दुसऱ्याला त्याच पातेल्यातला कडू लागे, आणि तिसरा विचारी, "काकू, आज दुधाला सुट्टी का?" काकूही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. हातातला ओगराळा न ठेवताच उत्तर द्यायच्या. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा रांगेत उभी असायची.

मग काकूंचं डोकं फिरलं. हा शब्द त्यांचाच; डॉक्टरांकडे त्याला बरंच लांब नाव होतं. जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय, असं त्यांना वाटायला लागलं. आधी भाजीवाल्याचा संशय, मग दूधवाल्याचा, आणि शेवटी पाठच्या सख्ख्या भावाचा, जो त्यांच्या बरोबरीने कॅन्टीन चालवत होता. एका दुपारी ताटं मांडलेली असताना त्यांनी उकळत्या रश्शाचं पातेलं सगळ्यांसमोर जमिनीवर उपडं केलं. माणसं वाचवली, असंच त्यांना वाटत होतं. माणसं वाचली, भावाचा पाय मात्र भाजला.

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात आल्यावर सुरुवातीला त्या सोललेल्या केळ्यालासुद्धा हात लावत नसत; केळं त्यांना स्वतःच सोलायचं असे. तेव्हा मुख्य सिस्टर पुढे आली. पेशंट तिला पाठीमागे 'हवालदार' म्हणत, कारण चाल तशीच आणि तोंडही तसंच. ती स्टूल ओढून समोर बसली, काकूंच्या ताटातला घास उचलला आणि चावून चावून खाल्ला.

"हे बघ, गिळला. मेले तर तुझ्या नावाने मरेन. आता जेव."

तिची ड्यूटी असली की रोज हाच कार्यक्रम. पुढे गोळ्यांचा गुण आला, आणि एक दिवस सिस्टर यायच्या आधीच काकूंनी ताट संपवलं. सिस्टरने रिकाम्या ताटाकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "माझं वजन वाढायला लागलं होतं." कौतुक म्हणून एवढंच.

कौतुकाचं खातं गोडबाईकडे होतं. गोडबाई म्हणजे वॉर्डातली समाजसेविका. बोलताना समोरच्याचा हात हातात घेतल्याशिवाय तिला बोलताच येत नसे. काकूंनी दुपारचा चहा करावा, स्टाफने तो प्यावा, म्हणजे काकूंचा आत्मविश्वास परत येईल, ही कल्पना तिचीच. ड्यूटीरूमशेजारी एक चिंचोळी खोली होती. शेगडी, ओटा, नळ, आणि दारात लक्ष ठेवायला एक वॉर्डबॉय. काकू चहा करायच्या, ट्रे ड्यूटीरूममध्ये ठेवायच्या आणि थोड्या वेळाने रिकामे कप घेऊन यायच्या. "वा काकू, फक्कड!" गोडबाई म्हणायची. तरुण डॉक्टर अंगठा वर करायचा. हवालदार काहीच बोलायची नाही, पण तिचाही कप रिकामाच असायचा.

भावाने ही बातमी कळल्यावर फोनवर सांगितलं होतं, "ताई, दवाखान्यातली माणसं तुझ्या हातचं पितात ना, मग गिऱ्हाईकही पितील. मी त्यांना तेच सांगेन." तो न्यायला येणार होता. घरी तर तो नेणारच होता. प्रश्न कॅन्टीनचा होता. ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही, तर काकूंना घरात आयतं जेवून खिडकीशी बसावं लागणार होतं. त्यापेक्षा वॉर्ड बरा, असं त्यांना मनापासून वाटे.

त्यामुळे हे सगळं नीट चाललेलं असताना त्यांनी शंका काढायला नको होती. पण त्या जात्याच चहावाल्या. ज्या चहाला कुणी एकदाही नाक मुरडत नाही, तो चहा कुणी खरंच पितं, यावर त्यांचा विश्वास बसेना. भाऊ यायच्या आदल्या दिवशी त्यांनी साखरेचा डबा उघडला, बघितला, आणि तसाच बंद केला.

"आज तर अगदी मनासारखा झालाय," गोडबाई म्हणाली. तरुण डॉक्टरने अंगठा वर केला.

काकू कप गोळा करायला गेल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं आणि त्याच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ओघळ होता, अजून ओला. काकूंनी त्यावर बोट फिरवलं आणि वास घेतला. चहाच होता.

त्यांना राग आला नाही. त्या घाबरल्या. सगळे मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत, ही भावना जुन्या ओळखीची होती. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती. तेव्हाही त्यांना खात्रीच होती. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा वास घेतला. आता बोलावं तर आजार उलटला म्हणतील. न बोलावं तर हा ओघळ आयुष्यभर डोळ्यांसमोर राहणार. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. वर आणखी एक गोष्ट होती, जी त्यांना फार लागली: या लोकांचं वागणं त्यांना कळत होतं. त्यांनी स्वतः दुसऱ्यांचं अन्न असंच फेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला होता. डॉक्टर त्याला विचारत होते, "झोप लागते, जेवण जातं, चिडचिड नाही. घरी कोण कोण असतं?" काकू शेजारीच बसल्या होत्या, दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरसारख्या.

"आणि आम्ही सगळे रोज काकूंच्या हातचाच चहा पितो," गोडबाई म्हणाली.

भावाचा चेहरा सैल झाला. डॉक्टर पहिल्यांदा काकूंकडे वळले. "काय काकू, आता कुणाचा संशय वगैरे?"

'नाही' हा शब्द अगदी ओठांवर होता. तेवढं म्हटलं की कॅन्टीन. पण मग तिथेही प्रत्येक रिकामा कप बघून बेसिन आठवणार.

"संशय नाही," काकू म्हणाल्या. "पण माझा चहा बेसिनमध्ये जातो."

गोडबाईने त्यांचा हात हातात घेतला. "काकू, असं वाटणं हा आजाराचाच भाग असतो हं. आपण बोललो होतो ना?"

"काल मी साखर घातलीच नव्हती. कुणी काही बोललं?"

तरुण डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागला. मोठ्या डॉक्टरांनी मात्र पेन उचललं. "म्हणजे तुम्ही स्टाफची परीक्षा घेत होतात? केव्हापासून?"

भावाने भाजलेला पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. काकूंनी ते पाहिलं आणि आपण संपलो, असं त्यांना वाटलं.

"लिहू नका, डॉक्टर." हवालदार दाराशी उभी होती. "ओतला जातो चहा. मी बघते रोज."

"तुम्ही बघता? आणि तुम्ही स्वतः?"

"मीही ओतते."

"का पण?"

"भीती वाटते म्हणून. दुसरं काय असणार." मग ती काकूंकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "तुला दिसलं ते खरं होतं."

काकूंना आधी नुसतं हलकं वाटलं. डोकं फिरल्यापासून, तुला दिसलं ते खरं होतं, असं त्यांना एकाही माणसाने म्हटलं नव्हतं. वाईट मागाहून वाटलं, आणि तेही बरंच. आपल्या ताटातला घास खाणारीनेही आपला चहा ओतावा.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. गोडबाईने काकूंचा हात सोडला. हाताचं आता काय करावं, हे तिला कळेना.

"चल," हवालदार म्हणाली. "चहा टाक."

काकूंनी चिंचोळ्या खोलीत आधण ठेवलं. साखर टाकली, टाकली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. हवालदार ओट्याला टेकून बघत होती. भाऊ लंगडत येऊन दारात थांबला, आत आला नाही.

काकूंनी कप भरला आणि सिस्टरच्या डोळ्यांदेखत आधी स्वतःच्या तोंडाशी नेला. तिने तेव्हा घास खाल्ला होता, तसा.

सिस्टरने त्यांचं मनगट धरलं. "तू नको. दे इकडे."

तिने कप घेतला. बशीवर तो जरा किणकिणला, एवढंच. मग तिने घोट घेतला. दुसरा घेतला. तोंड वाकडं केलं.

"साखर केवढी घातलीस गं. पाकच झालाय."

"फुकट पिणाऱ्याने तोंड वाकडं करू नये," काकू म्हणाल्या. ओगराळा हातातच होता.

सिस्टर उरलेला चहा पीत राहिली. भाऊ दारातून आत आला.

"ताई," तो म्हणाला, "मला अर्धाच दे."

काकूंनी कप काठोकाठ भरला.