घोट्याची पकड

पंचाची शिट्टी वाजली तरी तुकारामने घोटा सोडला नाही. उलट अंग टाकून त्याने पाय पिळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि बुसैतीन कॅम्पच्या संघाचा रावजी वाळूत पालथा झाला. कडेला बसलेल्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग तो उठत नाही हे पाहून ते गप्प झाले.

पांडुरंग घाग रेषेबाहेर उभा होता. ही पकड त्याची. गिरणीच्या संघातून तो वर्षानुवर्षं हिच्याच जोरावर खेळला होता, मुंबईभर नाव झालं होतं. पुढे गुडघे गेले, मग संपात गिरणीही गेली. बहरीनला फिटर म्हणून आल्यावर अरादच्या कामगार कॅम्पातल्या तुकारामसारख्या माणसांना तो दर शुक्रवारी कबड्डी शिकवू लागला. सगळे त्याला मास्तर म्हणत.

संध्याकाळी कंपनीचे इंजिनिअर जयप्रकाश साहेब यांनी जिंकलेल्या संघाला मटणाचं जेवण दिलं. तुकाराम नळीतला मगज सुर्र करून ओढत होता. पांडुरंगने हातातला घास ताटात परत ठेवला.

"शिट्टी ऐकली नव्हतीस?"

"ऐकली की." तुकारामने बोटं चाटली. "साहेबच बोललेले, त्याचा डावा पाय आधीच दुखावलाय, तिथंच धर. आणि पकड तर तुमचीच ना, मास्तर?"

साहेब हसले.

"अहो घाग, खेळ म्हटला की लागायचंच. पुढच्या वर्षीही कोच तुम्हीच. विषय खलास."

पांडुरंगने ताट सरकवलं. त्या दोघांच्या तेलकट ओठांकडे त्याला बघवेना. बाहेरच्या नळावर त्याने चूळ भरली, पुन्हा भरली, पण तोंडाची चव काही जाईना.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो हॉस्पिटलात गेला. काय बोलायचं ते टॅक्सीतच जुळवलं होतं. रावजीची माफी मागायची, आणि यापुढे शिकवणं बंद, असं साहेबांना सांगायचं.

रावजीचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मास्तर, तुमी कशाला त्रास घेतलात? कंपनी गावी धाडतेय. पाय धड झाला की परत बोलावतील, इंशाल्ला."

"रावजी, काल जे झालं ना..."

"ते जाऊ दे ओ." रावजी कोपरांवर रेटा देऊन बसता झाला. त्याचे डोळे चमकत होते. "ती पकड मला शिकवा. परत येईन तेव्हा तुकारामला दाखवतो. त्याचा उजवा गुडघा कच्चा आहे, मी बघून ठेवलंय."

पांडुरंगला शिसारी आली. कालच्या त्या जेवणातून उठून आपण पुन्हा त्याच पंगतीत येऊन बसलो, असं त्याला वाटलं. तो जायला उठला.

रावजीने उशी मांडीवर ओढली आणि दोन्ही हातांनी आवळली.

"अशी ना?"

मनगट बाहेर वळत होतं. असं धरलं तर कुणाचाही पाय सहज निसटला असता.

पांडुरंग दारापर्यंत गेला. तिथून त्याने एकदा मागे पाहिलं. मग परत येऊन त्याने रावजीचं मनगट धरलं आणि आत वळवलं.

"हां," तो म्हणाला. "आता पीळ."