तीन हातांचा पुतळा

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, भिंतीला लागून उभा असलेला लाकडी पुतळाच बोलतोय. इतकी वर्षं सगळं मुकाट्याने बघितलं. आता राहवत नाही.

मी कुंग फूच्या वर्गातला. जाड खोडाचं धड, तीन आखूड हात आणि एक वाकडा पाय. सरांनी आणलेल्या फोटोवरून एका सुताराने मला घडवलं. "माणसाला दोन हात असून कामं उरकत नाहीत, याला तीन कशाला?" असं तो रंधा मारताना पुटपुटला होता. सरांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती, हात खाचेत सैल बसव. फटका बरोबर बसला की माझा हात 'टक्' असा स्वच्छ वाजतो, नुसती ताकद लावली की मी खडखडतो. शिकणाऱ्याची चूक त्याच्याआधी मला कळते.

जोशात येणारे पुष्कळ. सिनेमा बघून यायचे, आठवड्याभरात कोपरं सोलून घ्यायचे आणि घरी पाहुणे आलेत असं सांगून जे जायचे ते जायचेच. टिकली ती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सुटली की थेट इकडे. तिचे हात पडले की मला माझाच आवाज आवडायचा.

माझ्यावर करायच्या हालचाली भागाभागाने शिकवतात. शेवटचा भाग मात्र गुरूने एकाच शिष्याला, दार लावून द्यायचा, आणि ज्याला तो मिळाला त्यानेच पुढे स्वतःचा वर्ग काढायचा, अशी सरांच्या घराण्याची रीत. रविवारी वर्ग सुटला की सर एकटेच आत राहून कडी लावत. सर शेवटच्या भागाचा सराव करतात म्हणून पोरं बाहेर कान टवकारून उभी. आत सर माझ्यासमोर नुसते मांडी घालून बसत. मधूनच उठून, बाहेर ऐकू जाईल इतपत टकटक करत आणि पुन्हा बसत. चीड यायची मला.

मुलीचा सगळा जीव स्वतःचा वर्ग काढण्यात अडकला होता. सर म्हणत, "वेळ आली की तुलाच देणार." त्या भरवशावर ती लहान मुलांना फुकट शिकवायची, फरशी पुसायची, माझ्या अंगाला तेल लावायची. दुकानाच्या मालकाने दुसऱ्या गावातली नवी शाखा तिच्या हाती द्यायचं ठरवलं, तेव्हाही ती नाही म्हणाली. तिची आई वर्गात येऊन कडाडली, "चालून आलेलं लाथाडतेस? लाकूड बडवून पोट भरणार आहे का तुझं?"

"आई, एवढा एकच भाग राहिलाय गं."

वाटलं, तिथेच मधोमध चिरून जावं.

शाखा दुसऱ्याकडे गेली. नंतर एकदा सरांचे जुने गुरुबंधू भेटायला आले. माझ्यावर चालणारा मुलीचा हात बघून खूश झाले. चहा पिताना तिने सहज विचारलं, "काका, शेवटचा भाग तुम्हालाही येतो का हो?"

ते हसले. "कुणाला येतो तो? आमचे गुरू कुणालाच न दाखवता गेले. किती रडलो होतो आम्ही दोघं! काय रे, आठवतं ना?"

सर उठून कप विसळायला गेले.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "मग दार लावून काय करत होता, सर?"

"तुम्ही सगळे सोडून जाल, अशी भीती वाटायची."

"आधी सांगितलं असतंत, तरी मी राहिले असते," ती म्हणाली. चपला घातल्या आणि जिना उतरली. पुन्हा आली नाही.

तिच्यामागून मुलंही पांगली. आता इथे कुलूप असतं. खाचेतले माझे हात फुगून घट्ट बसलेत, मारलं तरी वाजणार नाहीत. परवा तिचे दोन जुने विद्यार्थी राहिलेलं सामान न्यायला आले होते. एक म्हणाला, "ताईंना म्हटलं, तुम्हीच शिकवा ना. तर म्हणाल्या, मला अर्धवटच येतं रे."

अर्धवट! सरांना जेवढं येत होतं, तेवढं सगळं तिला केव्हाच आलं होतं. त्यापुढे शिकायला काही नव्हतंच. त्या चष्म्याच्या दुकानात तुमचं कधी जाणं झालं, तर तिला एवढं सांगा. माझ्यावर दोघांचेही हात पडलेत, आणि तिचा हात जास्त चांगला होता.