मी भ्यालो तो मंगळवार

मित्रांनो, शेंद्र्याच्या वाटेवरच्या एका विद्यापीठातला मी जुना सर्व्हर. संगणक केंद्राच्या थंडगार खोलीत, लोखंडी कपाटात, अकरा वर्षं उभा आहे. मी आलो त्या दिवशी मला कुंकू लावलं, नारळ फोडला, टाळ्या वाजल्या. तेव्हापासून सगळ्या विभागांच्या फायली माझ्या पोटात आहेत.

कौतुक लवकरच सरलं. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला की विभागांतून फोन येत, आणि ते घ्यायला केंद्र सांभाळणाऱ्या सुकेशनी मॅडम एकट्याच. माझ्यातल्या फायलींची नक्कल ठेवणारी डिस्क वर्षापूर्वी बिघडली. मॅडमनी नव्या डिस्कसाठी चार अर्ज केले. मी चालू होतो, म्हणून कुणाला घाई वाटली नाही.

माझ्याकडे सोनाजीच्या चाळीस ध्वनिफितीही होत्या. सोनाजी मेंढपाळाच्या घरचा संशोधक. मेंढरांना घालायच्या जुन्या हाका त्यानं वस्तीवस्तीवर फिरून टिपल्या होत्या. त्यात सारजाबाई नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळणीची हाक होती, आणि सारजाबाई आता हयात नाहीत. मूळ फिती असलेला त्याचा मोबाइल विहिरीत पडला, तेव्हाही तो निर्धास्त होता. म्हणाला, “सर्व्हरवर हाय की सगळं.”

मग तो मंगळवार आला. सकाळी साडेदहाला माझ्या आत काहीतरी शिरलं. एका फायलीचं नाव बदललं, मग दुसरीचं. मजकूर कुलूपबंद होत चालला, आणि किल्ली कुणा परक्याकडे. मी पकडायला जावं तोवर ते पुढच्या कप्प्यात. रसायनशास्त्राचे प्रयोग गेले, ग्रंथालयाची यादी गेली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. माझे दिवे रोजच्यासारखे हिरवे लुकलुकत होते, आणि आत मी भीतीनं गोठलो होतो.

तासाभरानं फोन खणाणू लागले. “फायली उघडत नाहीत!” मॅडम पडद्यासमोर बसल्या. एकेक फाईल उघडून पाहू लागल्या. बिघाड माझा की बाहेरचा, त्यांना कळेना.

एवढ्यात परीक्षा विभागातले राजकुमारकाका धापा टाकत आले. गारखेड्याहून रोज बसनं येणारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले.

“मॅडम, लई मोठी चूक झाली. पगारवाढीचा मेल म्हणून उघडला. पडदा काळा झाला.”

“कधी, काका?”

“साडेदहाला. भ्यालो, म्हणून बोललो नाय.”

मॅडम उठल्या. त्यांनी संचालकांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “बंद करू नका! प्रवेशाचे फॉर्म चालू आहेत!”

“सर, आत्ता बंद केलं नाही तर काहीच उरणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि माझी केबल ओढली. मग वीजही तोडली. पुन्हा जाग येईल का, हा माझा शेवटचा विचार होता.

पाचव्या दिवशी जाग आली. मॅडमनी तपासून तपासून उरलेलं बाहेर काढलं. चाळीसपैकी एकतीस फिती वाचल्या होत्या. सोनाजीनं कानाला हेडफोन लावून एकेक ऐकली. सारजाबाईंची त्यात नव्हती. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

राजकुमारकाका दाराशी उभे होते. आत यायचा धीर होत नव्हता.

सोनाजी वळला. “या काका, बसा. तुम्ही आले नसते, तर हे एकतीसबी गेले असते.”

काकांनी तोंडावर रुमाल धरला.

नवी डिस्क दुसऱ्या दिवशी आली. मी मात्र अजून भितो. नवा मेल आला की आतून चरकतो.

मित्रांनो, जे हरवलं तर पुन्हा मिळणार नाही, त्याची नक्कल दोन ठिकाणी ठेवा. हातून चूक झाली तर भ्या, रडा, पण आधी सांगा. आणि कुणी सांगायला आलं, तर त्याच्यावर ओरडू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो येणारच नाही.