खिळ्यावरचे मरणवस्त्र

मी एक मरणवस्त्र बोलतो आहे. जवसाच्या सुताचा, पांढरा, पायघोळ झगा. रशियातल्या रियाझानजवळच्या खेड्यात उस्तिन्याआजीने मला स्वतःच्या दफनासाठी शिवले; सुई अंगापासून दूर नेत, धाग्याला एकही गाठ न मारता. गाठ राहिली तर जीव अडकतो, अशी तिथली श्रद्धा. असे वस्त्र पेटीच्या तळाशी राहते आणि मालकिणीखेरीज कोणाच्याही अंगाला लागत नाही.

मॉस्कोचे चित्रकार वेनेदिक्त ल्वोविच खेडुतांचे कपडे जमवत आले. "पेटीच्या तळाचं, कोरं काढ," ते म्हणाले. आजी देवळात गेली होती. सून लुकेर्याने पितळी समोवाराच्या, म्हणजे चहाच्या बंबाच्या, बदल्यात मला देऊन टाकले.

चित्रशाळेत मला एका हसऱ्या पोरीवर चढवले. चित्राचे नाव 'सुगीचा सण'. मढ्याचे कापड नाचत होते आणि चित्रकार मित्रांना सांगत होते, "मी फक्त सत्य रंगवतो." मला शिसारी आली.

उपासाच्या पर्वात आजी मला शोधत मॉस्कोला आली आणि एका घरी भाड्याने राहिली.

"मालक, माझा झगा द्या. मरायचं खोळंबलंय माझं."

"दुसऱ्या बाईनं घातलाय तो, आजी."

"नदीत धुऊन घेईन. देव समजून घेईल."

एवढ्यात तिला मी खिळ्यावर दिसलो. चित्रकार ओरडले, "हलू नका! हीच नजर हवी! चित्र झालं की न्या."

तिच्या डोक्याचा स्वच्छ रुमाल काढून त्यांनी तिला फाटका कोट दिला.

"शेतकरीण वाटली पाहिजे."

"मग आत्तापर्यंत मी कोण वाटत होते, मालक? राजाची मावशी?"

ते हसले नाहीत. लोणच्यातली अळंबी चघळत, कुंचला माझ्या बाहीला पुसत, पाच आठवडे ते रंगवत राहिले. नजर निवू नये म्हणून मला रोज तिच्यासमोर टांगत.

सहाव्या आठवड्यात तिला ताप भरला. "आज तरी द्या."

"डोळे राहिलेत अजून. उद्या."

त्यानंतर ती आली नाही. दरवान येफीमने सांगितले, "म्हातारीला पुरलं. घरमालकिणीच्या जुन्या परकरात, नाडीला गाठी मारून."

"अरेरे," चित्रकार म्हणाले. "बरं झालं, डोळे त्याच दिवशी संपवले होते."

आता रसिक येतात, चित्रापुढे टोपी काढतात. "काय नजर! थेट स्वर्गाकडे पाहते आहे!"

वाचकहो, स्वर्ग तिकडे नव्हता. चौकटीबाहेर, उजव्या हाताला, खिळ्यावर मी होतो. आजही आहे, बाह्या रंगांनी कडक झालेल्या. कोणी मान वळवलीच, तर एवढे करा: मला त्या खिळ्यावरून उतरवा आणि तिच्या मातीवर पांघरा. माझ्यात अजून एकही गाठ नाही.